बुधवारची सही

१

मला लिहायची सवय नाही. शाळा दुसरीपर्यंत. पुढचं वाचायला लष्करात एका हवालदारानं शिकवलं. म्हणून जे घडलं ते घडलं त्या क्रमानं लिहितो. कोणी वेडा म्हणेल म्हणून काही गाळणार नाही. कोणी घाबरावं म्हणून काही घालणार नाही.

माझी धाकटी बहीण जयाबाई, घरात जया, सहा महिने वेड्यांच्या इस्पितळात होती. साल एकोणीसशे बावीस. इस्पितळ बेळगावच्या पश्चिमेला, बेळगुंदीच्या वाटेवर. आता ती इमारत नाही. आम्ही कंग्राळीचे. वडील प्लेगात गेले. घरात आई, जया आणि मी. भिंतीला भिंत लावून भावकू काका राहायचे, वडिलांचे धाकटे भाऊ.

मी दर शनिवारी जायचो. शनिवार बेळगावच्या बाजाराचा. भाजीची पाटी काकांच्या ताब्यात द्यायची आणि पुढं चालत सुटायचं. बरोबर भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी उकडलेली रताळी. फाटकावर रवळू नावाचा खानापूरकडचा दरवान असायचा. तो वही पुढं करायचा, मी सही करायचो. मग भेटीची खोली. एक बाक, एक चटई, एक जाळीची खिडकी. अक्काताई नावाची आया जयाला घेऊन यायची. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी आधी एकच प्रश्न विचारायचो.

"जया, मी कोन?"

ती माझ्याकडं नीट बघायची. घाबरून नाही, रागानंही नाही. अनोळखी माणसानं वाट विचारली की आपण बघतो तसं.

"ठाऊक न्हाय," म्हणायची. "तुमी शनवारी येता. भाकरी चांगली आनता."

अक्काताई कागदावर फुली मारायची. जया ज्या दिवशी मला भाऊ म्हणून ओळखेल त्या दिवशी तिला सोडू, असं डॉक्टरांचं म्हणणं. तिचं घरी येणं त्या एका उत्तरावर अडलं होतं. पंचवीस शनिवार झाले. पंचवीस फुल्या झाल्या.

२

हे का झालं ते सांगायला हवं.

सोळा साली मी लष्करात भरती झालो आणि बसऱ्याला गेलो. जया तेव्हा दहा वर्षांची. अठरा साली घरी कागद आला की मी मेलो. कागद चुकीचा होता. मी तिकडं तंबूत तापानं आणि हाताच्या जखमेनं पडून होतो. उजव्या हाताची दोन बोटं तिथंच राहिली.

प्रेत मिळणार नव्हतं. मग अशा वेळी करतात तसं घरच्यांनी केलं. दर्भाचा बाहुला बांधला, माझ्याएवढा. त्याला माझं धोतर नेसवलं आणि माझा तपकिरी बनातीचा कोट घातला. कोटाचं उजवं कोपर फाटलं होतं, तिथं आईनं लाल दोऱ्यानं ठिगळ लावलं होतं. मार्कंडेय नदीच्या काठी बाहुला जाळला. दहावं, तेरावं, सगळं रीतसर झालं. जया बाहुल्याच्या पायाशी बसली होती, दोघांनी धरून उठवावी लागली, असं पुढं काकांनी सांगितलं.

एकोणीस साली मी परत आलो.

भटजी म्हणाले, "याची क्रिया झालेली आहे. असा घरात घेता येत नाही. याला पुन्हा जन्म घ्यावा लागेल. तुपाची अंघोळ, पाळण्यात घालायचं, कानात नाव सांगायचं. एका सकाळचं काम आहे."

मी चोवीस वर्षांचा होतो. मिशा राखल्या होत्या. म्हटलं, "मी लढाईतनं आलोय. पाळन्यात निजायला न्हाय आलो."

"पाळना मोडंल वो भटजी," काका म्हणाले. "ह्येचं पाय बगा की. गुडग्यापातूर भाईर लोंबतील." सगळे हसले. विषय तिथं संपला.

आई भाकरतुकडा ओवाळायला ताट घेऊन दारात आली. रडून तिला पुढचं दिसेना. तिनं ताट जयाच्या हातात दिलं. जया ताट घेऊन उभी राहिली. ओवाळलं नाही. माझ्या खांद्यावरून मागं, रस्त्याकडं बघत राहिली.

मी उंबरा ओलांडून आत गेलो. दमलो होतो.

त्यानंतर तीन वर्षं तिनं मला अण्णा म्हणून हाक मारली नाही. जेवायला वाढायची, पाणी तापवून द्यायची, हाक मात्र नाही. आम्हाला वाटलं, पोरगी लाजते.

मग निपाणीकडचं स्थळ आलं. लग्न उभं राहिलं. लाह्यांच्या वेळी भटजींनी पुकारलं, "मुलीचा भाऊ पुढं या." भावानं बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या असतात. मी सूप घेऊन पुढं झालो. तिनं ओंजळ मागं घेतली.

"माजा भाऊ आला न्हाय अजून," ती म्हणाली. मोठ्यानं नाही. तरी मांडवात सगळ्यांना ऐकू गेलं. "त्यो आल्याबिगर मी लाह्या घ्यायची न्हाय."

निपाणीची माणसं दिवस मावळायच्या आत गाड्या जुंपून गेली. जाताना नवऱ्या मुलाचा मामा मला म्हणाला, "पोरगीचं तोंड दावलासा, डोस्कं झाकून ठेवलासा." ते मी विसरलो नाही. पंधरा दिवसांत कचेरीतून कागद करवून घेतला आणि तिला इस्पितळात नेऊन घातलं. कागदावर सही माझी.

लाजेपायी केलं. हे आज लिहितो. तेव्हा तिच्या भल्यासाठी असं सांगत होतो.

३

सव्विसाव्या शनिवारी तिच्या केसांत अबोलीचा गजरा होता.

इस्पितळात बायकांना गजरा देत नसत. त्यात दोरा असतो. फुलं ताजी नव्हती, पण अबोली चार दिवस तग धरते.

"गजरा कुनी दिला?"

"अण्णानं."

"कोन अण्णा?"

"माजा अण्णा. बुधवारी आलता." ती हसली. इस्पितळात ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली. "तुमी शनवारी येता, त्यो बुधवारी येतो. वाटंत कदी गाठ पडली न्हाय व्हय तुमची?"

मी अक्काताईकडं बघितलं. तिनं पदर सावरला.

"माज्याकडं काय बघताय मालक? तुमीच आनलासा की. दोरा काडून फुलं द्या म्हटलं, तर 'असू दे आक्का, येवडंच हाय तिला' म्हनलासा. म्या ऐकलं. चुकलंच माजं. सायबास्नी सांगू नगा."

मी भाकरीची पुरचुंडी चटईवर ठेवली. फाटकाकडं आलो.

४

रवळू तंबाखू मळत बसला होता. वही बघू दे म्हटलं. त्यानं दिली.

दोन बोटं गेल्यावर मी टाक उरलेल्या तीन बोटांत धरायला शिकलो होतो. तेव्हापासून माझी सही डावीकडं कलते, पाऊस लागलेल्या भातासारखी. शनिवारच्या सगळ्या सह्या तशा होत्या. त्यांच्या मधे चार बुधवार होते. चार बुधवारी माझं नाव होतं, सरळ, ठसठशीत. लढाईआधी मी करायचो ती सही. तसं अक्षर मला होतं हे मी विसरून गेलो होतो. पाहिल्याबरोबर ओळखलं.

"बुधवारी कोन आलतं?" मी विचारलं.

"कोन म्हंजे?" रवळूनं वर बघितलं. "तुमी. सकाळधरनं कुनी गावलं न्हाय व्हय चेष्टेला?"

"माज्यासारका दिसत हुता?"

"तुमच्यासारका न्हवं, तुमीच. पर खरं सांगू? बुधवारी तुमी बरं असता. शनवारी येता ते कपाळाला आट्या घालून, जनू म्याच तुमची म्हस चोरलीया. बुधवारी तंबाकू देता, घरचं इचारता. अक्काताईला म्हनलो बी, ह्या मानसाला बुधवार मानवतो."

"अंगात काय हुतं?"

"कोट. तपकिरी." त्यानं आपल्या उजव्या कोपराला हात लावला. "हितं लाल दोरा."

"आनि हात? बोटं बघितलास?"

रवळूनं माझ्या हाताकडं बघितलं. मग वहीकडं. तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

"बोटं कोन बघतंय मालक," तो म्हणाला. त्यानं वही माझ्या हातातून काढून घेतली आणि मिटून मांडीखाली ठेवली.

५

परतताना मी विचार केला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बसऱ्याला शेकड्यांनी माणसं मरताना पाहिली. त्यातलं एकही पुन्हा दिसलं नाही.

कोणीतरी सोंग करत असेल. पण माझी जुनी सही कोणाला माहीत? आणि कोट? कोट जळला. आईनं, काकांनी, अख्ख्या भावकीनं जळताना बघितला.

मग वाटलं, मीच जात असेन. तिकडं तापात माझे दिवसच्या दिवस हरवले होते. काय बोललो, कुठं चाललो, दुसऱ्यांनी सांगावं लागायचं. तसा ताप पुन्हा येत असेल. पण तापात माणसाला बोटं फुटत नाहीत.

काका अंगणात विळ्याला धार लावत होते. भातकापणी चालू होती. उन्हं उतरत होती.

"काका, बुधवारी मी कुटं हुतो?"

"बेळगावला."

"भातात हुतो. तुमच्या शेजारच्या वळीला."

"भातात मी हुतो आनि आपला गडी भरमू हुता." काकांनी विळ्यावर पाणी शिंपडलं. "तू सकाळीच गेलास. आदल्या बुधवारी बी. जयीला बघून येतो म्हनलास. लई बरं वाटलं बग. तुज्या तोंडावर हसू हुतं. लडाईस्नं आल्यापासनं म्या बघितलं न्हवतं."

मी धोतर वर करून पोटऱ्या दाखवल्या. भाताच्या धसकटांचे ओरखडे होते. बुधवारी ते कसे लागले मला नीट आठवत होतं. बांधाजवळच्या कोपऱ्यात पाय घसरला होता आणि भरमू हसला होता.

"गुरवारचं असतील," काका म्हणाले.

मी भरमूला विचारायला गेलो नाही. तोही काकांसारखंच म्हणाला असता तर पुढं काय करायचं, ते मला ठाऊक नव्हतं.

६

पुढच्या बुधवारी मी पहाटेचा निघालो आणि इस्पितळासमोरच्या चिंचेखाली बसलो. फाटक समोर. मधे फक्त रस्ता.

सकाळ गेली. एक लाकडांची गाडी आत गेली आणि रिकामी बाहेर आली. एक बाई रडत आली, रवळूनं तिला परत पाठवलं. दुसरं कोणी नाही. मी डोळा मिटला नाही. पहाऱ्यावर डोळा न मिटणं मला शिकवलेलं आहे. बाराची घंटा झाली. मला बरं वाटलं. उठून फाटकाशी गेलो.

रवळू मला बघून उभा राहिला.

"तुमी भाईर कवा आलासा?"

"मी आत गेलोच न्हाय."

त्यानं वही उघडून धरली. शेवटची सही सरळ होती. शाई ओली होती.

मी सही केली नाही. आत शिरून कुंपणाच्या कडेनं मागं गेलो, भेटीच्या खोलीची जाळीची खिडकी होती तिथं. खिडकीखाली गवत वाढलं होतं. आतून जयाचा आवाज येत होता. ती गप्पा मारत होती. शनिवारी माझ्याशी ती चार शब्द बोलायची. आता एकामागून एक वाक्यं येत होती, मधेच हसणं.

"मग आईनं काय केलं?" ती विचारत होती.

पुरुषाचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. बोलायची चाल कळली. आमच्या वडिलांची होती. लहानपणी सगळे म्हणायचे, पोरगं बापासारखं बोलतं. लढाईनंतर कोणी म्हणालं नव्हतं.

मी जाळीला डोळा लावला. चटई दिसली. जया मांडी घालून बसलेली. तिच्या पुढ्यात फडक्यावर भाकरी. समोर बसलेला माणूस भिंतीच्या आड येत होता. फक्त कोपर दिसत होतं. तपकिरी बनात. लाल दोरा. दोरा आईच्या हातचा. तिचा टाका उलटा पडतो, डावखुरी आहे ती.

मग हात भाकरीकडं आला. पाचही बोटं होती. अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण होती. मी माझा अंगठा बघितला. तीच खूण तिथंही होती.

मी गोळीबारात उभा राहिलेला माणूस आहे. दार दहा पावलांवर होतं. मी तिकडं गेलो नाही.

"खिडकीत कोन तरी हाय रं अण्णा," जया म्हणाली.

तो वळायच्या आत मी खाली बसलो. गवतात, डोकं गुडघ्यांत घालून. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

किती वेळ गेला ते कळलं नाही. उठून पुढच्या दारानं गेलो तेव्हा खोली रिकामी होती. अक्काताई चटई झटकत होती. चटईतून दर्भाच्या दोन-तीन सुक्या काड्या पडल्या.

"काय इसरलं मालक?" तिनं विचारलं.

७

शनिवारी डॉक्टरांनी आपल्या खोलीत बोलावलं. ते कारवारकडचे. हळू बोलायचे, शुद्ध बोलायचे.

"बसा परशराम. आज तिला घेऊन जा. बुधवारी तिनं सांगितलं ते मी स्वतः ऐकलं, म्हणून आता उशीर करत नाही."

"काय सांगितलं?"

"हेच की, हा माझा अण्णा. तुमच्यासमोर मी तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर."

"बुधवारी मी नव्हतो, साहेब."

त्यांनी टाक खाली ठेवला.

"याच खुर्चीत बसला होतात तुम्ही. मला म्हणालात, लग्न मोडल्याचं काही नाही, बहीण घरी यावी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "परशराम, झोप लागते का तुम्हाला? लढाईहून आलेल्यांना पुष्कळदा त्रास होतो. आणि हे दुखणं घरात एकालाच होतं असं नाही. बहीणभाऊ दोघंही आलेले मी पाहिलेत. पुरुषांच्या बाजूला जागा आहे. महिनाभर राहिलात तर..."

ते पुढंही बोलले. मी हिशेब केला. तो मी नव्हतो म्हटलं, तर मी या बाजूला, जया त्या बाजूला आणि आई घरात एकटी. मीच होतो म्हटलं, तर जया संध्याकाळी घरी.

"मीच होतो," मी म्हणालो. "गंमत केली."

"अशी गंमत इथं करू नये," डॉक्टर म्हणाले.

जयाला आणलं. अंगावर घरचं लुगडं होतं, काखेत गाठोडं. डॉक्टर मला म्हणाले, "शेवटचं विचारा."

"जया, मी कोन?"

तिनं माझ्याकडं बघितलं, नेहमीसारखं. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली, दाराकडं.

"माजा अण्णा," ती म्हणाली.

अक्काताईनं डोळ्यांना पदर लावला. मी मागं वळलो नाही. डॉक्टरांनी कागद पुढं केला, मी सही केली. त्यांनी ती सही बराच वेळ पाहिली. मग टिपकागद दाबला आणि कागद खणात ठेवला.

८

आम्ही चालत निघालो. ऊन होतं. मी पुढं, जया मागं. तिच्या माझ्यात अंतर होतं, एक माणूस मावेल एवढं. मी हळू चाललो तर तीही हळू व्हायची. अंतर तेवढंच राहायचं.

ओढा लागला. मी दगडांवरून पलीकडं गेलो आणि वळून हात पुढं केला. ती मधल्या दगडावर होती. तिनं हात दिला होता, पण माझ्याकडं नाही. तो तिच्या पुढ्यात हवेत होता, कोणीतरी धरल्यासारखा. तशीच ती ओढा उतरून आली.

ती बारीक आवाजात बोलत होती. "व्हय," म्हणायची. "मग?" म्हणायची. एकदा म्हणाली, "गप रं, ऐकतील ते." सावल्या बघायचं माझ्या मनात आलं. बघितल्या नाहीत.

गाव जवळ आल्यावर मी थांबलो.

"डाक्टरसमोर अण्णा म्हनलीस मला. खोटं का बोललीस?"

"खोटं न्हाय बोलले. तुमाला म्हटलं न्हाय मी." तिच्या तोंडावर कीव होती. "लई केलंसा तुमी. दर शनवारी आलासा. पर तुमचं घर कुटं हाय? कुनी वाट बघत असंल की तुमची."

तीन वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी पुढं चालू लागलो.

९

आई दारात ताट घेऊन उभी होती. ताटात भाकरी आणि तांब्या. काका त्यांच्या कट्ट्यावर पाय सोडून बसले होते. आईनं जयाला ओवाळलं, तुकडा टाकला, तिच्या डोळ्यांना पाणी लावलं. मी पायरीच्या डाव्या अंगाला उभा होतो.

मग जयानं आईच्या हातातून ताट घेतलं. भाकरीचा दुसरा तुकडा मोडला. वळली.

माझ्याकडं नाही. माझ्या उजव्या बाजूला पायरीपुढं मोकळी जागा होती, तिकडं. तिथं तिनं ताट धरलं. माणसाचं तोंड जेवढ्या उंचीवर असतं तेवढ्या उंचीवर. तीनदा ओवाळलं, सावकाश. तुकडा मागं टाकला. बोटं पाण्यात बुडवून हवेत टेकवली, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं.

"ये अण्णा," ती म्हणाली. "आत ये."

मी आईकडं बघितलं. ती कोणाकडं तरी बघत होती. "आलास रं बाबा," म्हणाली. तो आवाज मी सोळा साली गाव सोडताना शेवटचा ऐकला होता. काकांनी कट्ट्यावरून सोडलेले पाय आवरून घेतले, कोणाला वाट द्यावी तसे.

आमच्या दाराची चौकट ठेंगणी. घरात तिच्याखाली वाकावं लागणारा मी एकटाच. आतल्या अंधारात मी एक तपकिरी पाठ चौकटीखाली वाकलेली पाहिली. वाकली आणि आत सरळ झाली. बस, एवढंच.

आई आत गेली. जया आत गेली. कोंबड्या शिरतात म्हणून जयानं दार ओढून घेतलं. काका उठून आपल्या घरात गेले.

मी हाक मारू शकलो असतो. दार नुसतं लोटलेलं होतं. पण मला कोणी 'ये' म्हटलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वीही म्हटलं नव्हतं. तेव्हा मी शिरलो होतो. या वेळी शिरलो नाही.

१०

तेव्हापासून निपाणीत आहे. तंबाखूच्या वखारीवर राखण करत आलो. वखारीचं काम सुटलं तरी खोली सुटली नाही. इथं मला फौजी म्हणतात. आता फौजीबाबा. नाव कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मी लपलो नव्हतो. मला शोधायला कोणी आलं नाही, आणि ज्याला शोधावं असं कोणी त्या घरातून हरवलंच नव्हतं.

एकतीस सालच्या बाजारात भावकू काका दिसले. बैल बघायला आले होते. मी जाऊन समोर उभा राहिलो. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पावनं कुनीकडचं?"

मी विचारलं, "तुमी कंग्राळीचं न्हवं? परशराम हाय न्हवं तितं? बरा हाय?"

"झ्याक हाय की. माजा पुतन्या त्यो. दोन पोरं हाईत." काकांचा चेहरा खुलला. "भनीचं लगीन त्येनंच करून दिलं. लाह्या घालताना रडलं बगा लेकरावानी. तुमी कसं वळखता त्येला?"

"लष्करात बरुबर हुतो."

काका माझ्या उजव्या हाताकडं बघत होते. मी तो मागं घेतला नाही.

"तिकडं लई मानसं गेली म्हनत्यात," ते म्हणाले. "लई जन लुळं-पांगळं होऊन आलं. आमच्या परशाला देवानं धडधाकट धाडला. एक बोट बी कमी न्हाय." मग त्यांनी बैलाचा जबडा उघडला आणि दात बघायला लागले.

मी पुष्कळ विचार केला. ताप असेल. डॉक्टर म्हणाले तसं दुखणं असेल. कधी वाटतं, तंबूत मेलेला मीच, आणि कागद खरा होता. पण मग भूक कोणाला लागते? थंडीत नसलेली बोटं कोणाची दुखतात? ज्या अर्थी दुखतात, त्या अर्थी मी आहे. यापुढं माझी अक्कल चालत नाही.

जया सुखात आहे, एवढं कळलं. त्यासाठीच मी डॉक्टरांपुढं खोटं बोललो होतो. त्याचा मला पस्तावा नाही.

गल्लीत बारसं असलं की मला बोलावतात. मी मागं, पुरुषांच्या बाजूला उभा राहतो. मूल निजवायच्या आधी बायका पाळण्यात वरवंटा ठेवतात, टोपडं घालून. त्याला चार झोके देतात, काढतात, आणि मग मूल ठेवतात. दगडालासुद्धा ते चालतं. भटजी म्हणाले होते, एका सकाळचं काम आहे. मधे घटकाभर पाळणा रिकामा हलत असतो.

मागच्या महिन्यात त्या वेळी मी पुढं गेलो. पाळण्याच्या कडेवर तीन बोटं टेकवली. पाळणा थांबला. बायकांचं गाणं थांबलं.

"फौजीबाबा, काय बघताय वो?" बाळाची आजी म्हणाली.

"दोर बघतोय," मी म्हणालो. "किती वजन पेलंल ते."